कर्करोग कोठवर पोहोंचला?

'कर्करोगाला सुरी लावली कीं तो चवताळतो', हा समज महाराष्ट्रांतल्या घराघरांतून अजून ऐकूं येतो. शेजारच्या अमक्याची गांठ काढली आणि वर्षाच्या आंत त्याच जागीं ती दुप्पट होऊन आली, असा दाखलाहि त्यासोबत दिला जातो. हा दाखला पुष्कळदां खरा असतो. चुकतें तें त्यावरून काढलेलें अनुमान. सुरी जेथून फिरली त्या रेषेच्या पलीकडे रोगाचा कांहीं अंश बहुधा आधींच जाऊन बसलेला असतो. तो मागें राहतो आणि वाढतो. तेव्हां सुरी लावावी कीं नाहीं यापेक्षां, रोगाची हद्द कोठें संपते हें सुरी लावण्यापूर्वीं कसें कळेल, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. पोटाच्या कर्करोगांत हद्द पाहण्याचें हें काम गेल्या पन्नास वर्षांत चित्रण-यंत्रांनीं अंगावर घेतलें.

रोगाविषयीं दोन निरनिराळे प्रश्न असतात आणि त्यांची गल्लत करून घरोघर बराच मनस्ताप ओढवून घेतला जातो. पहिला प्रश्न, हा कर्करोगच आहे काय? याचें उत्तर कोणतेंहि चित्र खात्रीनें देत नाहीं. दुर्बीण आंत घालून रोगट भागाचा लहानसा तुकडा काढावा लागतो, तो सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावा लागतो, आणि मगच निदानावर शिक्कामोर्तब होतें. दुसरा प्रश्न, तो कोठवर पसरला आहे? येथें चित्राचा अधिकार सुरू होतो. तुकड्याची परीक्षा झाल्यावर डॉक्टर जेव्हां सी.टी. स्कॅन, एम.आर.आय. अशा एकामागून एक तपासण्या लिहून देतात, तेव्हां 'रोग कळला ना, मग आतां आणखी खर्च कशाला? काढून टाका एकदांचा', असें आप्तेष्ट म्हणतात. त्यांची घाई समजण्यासारखी असली, तरी ती रोग्याला फार महाग पडूं शकते.

हद्दीचा हिशेब मांडण्याची जी रीत आज जगभर चालते, तिचा पाया फ्रान्समधील शल्यवैद्य प्येर दनुआ यांनीं १९४३ ते १९५२ या काळांत घातला. तींत तीन अक्षरें आहेत. टी म्हणजे मूळ गांठ किती खोल गेली. एन म्हणजे जवळच्या लसिकाग्रंथींत रोग शिरला काय. आणि एम म्हणजे यकृत, फुप्फुस अशा दूरच्या अवयवांत त्यानें ठाणें दिलें काय. रिपोर्टावर 'टी ३, एन १, एम ०' असें लिहिलेलें वाचून घरच्या माणसांनीं एकदम खचून जाऊं नये. तो रोगाचा पत्ता आहे, आणि पत्ता हातीं आल्याशिवाय उपाय त्या ठिकाणीं पोहोंचवितां येत नाहीं.

विल्हेल्म राँटगेन यांना १८९५ च्या नोव्हेंबरांत क्ष-किरणांचा शोध लागला, आणि पुढच्या वर्ष-सवा वर्षांतच हार्वर्ड येथील वॉल्टर कॅनन या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानें प्राण्यांना बिस्मथ मिसळलेलें अन्न चारून तें अन्नमार्गांतून कसें सरकतें हें त्या किरणांनीं पाहण्यास आरंभ केला. पुढें माणसांना बेरियमचें पांढरें पेय देऊन जठराचीं व आंतड्यांचीं छायाचित्रें काढण्याची पद्धत रूढ झाली व ती पुष्कळ वर्षें चांगली उपयोगी पडली. पण तिची एक मर्यादा मूळचीच होती. नळाची पोकळी कोठें आवळली आहे, हें अशा छायाचित्रांत दिसतें. नळाची भिंत आंतून किती पोखरली आहे आणि भिंतीबाहेर काय चाललें आहे, हें दिसत नाहीं. कर्करोगाचें सगळें राजकारण तर भिंतींत आणि भिंतीबाहेर चालतें.

या राजकारणाचें सर्वांत शिकण्यासारखें उदाहरण गुदाशयाच्या कर्करोगाचें आहे. गुदाशय म्हणजे मोठ्या आंतड्याचा शेवटचा सुमारें १५ सेंटिमीटरांचा भाग. तो कमरेच्या हाडांच्या अरुंद पेटींत बसविलेला असतो. पुरुषांत त्याच्या पुढें मूत्राशय व प्रोस्टेट ग्रंथि, स्त्रियांत गर्भाशय व योनिमार्ग. मागें कण्याचें टोंक. आणि दोन्ही बाजूंस लघवीच्या व लैंगिक क्रियेच्या नाजुक मज्जातंतूंचीं जाळीं. शल्यवैद्याला हात वळविण्यास येथें जागा नसते. गुदाशयाची भिंत कांद्यासारखी थराथरांची असते: आंतून गुळगुळीत अस्तर, त्याखालीं एक मऊ थर, मग स्नायूंचा थर. गांठ अस्तरांत उगवते आणि बाहेरच्या दिशेनें खणत जाते. मऊ थरापर्यंत पोहोंचली तर टी १, स्नायूंत शिरली तर टी २, स्नायू भेदून बाहेर पडली तर टी ३, आणि पोटाच्या पातळ आवरणाला भेदून गेली किंवा शेजारच्या अवयवांत घुसली तर टी ४. स्नायूंच्या बाहेर चरबीची एक गादी असते. गुदाशयाच्या रक्तवाहिन्या व लसिकाग्रंथि तींत असतात, आणि त्या गादीला, उशीला अभ्रा असावा तसें, एक तलम वेष्टण असतें. हा अभ्रा वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढची सारी हकीकत त्याच्याभोंवतीं फिरते.

लंडनचे शल्यवैद्य विल्यम अर्नेस्ट माइल्स यांनीं १९०८ सालीं पोटाकडून व खालून अशा दोन्ही बाजूंनीं गुदाशय समूळ काढण्याच्या शस्त्रक्रियेचें वर्णन प्रसिद्ध केलें. तिनें अनेकांचे जीव वांचविले, परंतु मलविसर्जनासाठीं रोग्याच्या पोटावर जन्मभराचें छिद्र राही. पुढें १९३२ सालीं लंडनच्याच सेंट मार्क्स रुग्णालयांतील कथबर्ट ड्यूक्स यांनीं, कापून काढलेल्या गुदाशयांची परीक्षा करून, रोगाच्या ए, बी, सी अशा तीन पायऱ्या ठरविल्या: भिंतींतच असलेला, भिंत ओलांडलेला, आणि ग्रंथींत शिरलेला. ही पद्धत फार नांवाजली गेली व तें योग्यच होतें. पण ड्यूक्स यांचें ज्ञान शस्त्रक्रियेनंतरचें होतें. पंचनामा कितीहि चोख झाला, तरी तो चोरी होऊन गेल्यावरच व्हायचा.

शस्त्रक्रिया करूनहि पुष्कळ रोग्यांना त्याच जागीं रोग परत येई, आणि त्याचें खापर रोगाच्या क्रूरपणावर फोडलें जाई. इंग्लंडमधील बेसिंगस्टोक येथील शल्यवैद्य बिल हील्ड यांनीं १९८२ सालीं निराळाच विचार मांडला. त्यांचें म्हणणें असें कीं, चरबीची गादी तिच्या अभ्र्यासकट अखंड बाहेर आली पाहिजे. हातानें ओढून तोडून काढली तर तिचे तुकडे आंत राहतात आणि रोगाचें बीं त्या तुकड्यांत असतें. १९८६ सालीं लीड्स येथील फिलिप क्वर्क व त्यांचे सहकारी यांनीं याला भक्कम पुरावा पुरविला. काढलेल्या गुदाशयाचे त्यांनीं आडवे काप केले आणि प्रत्येक कापाचा बाहेरचा कांठ बारकाईनें तपासला. ५२ रोग्यांपैकीं १४ जणांत रोग कापल्याच्या कांठापर्यंत पोहोंचलेला सांपडला, आणि त्या चौदांतील बहुतेकांना तो त्याच जागीं उलटला. 'चवताळणाऱ्या' कर्करोगाचें कोडें तेथें बरेंचसें सुटलें.

आतां ओघानेंच पुढचा प्रश्न आला. कांठ मोकळा निघेल कीं रोगानें माखलेला निघेल, हें कापण्यापूर्वीं सांगतां येईल काय? गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सी.टी. यंत्रानें १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनमधील एका रुग्णालयांत पहिल्या रोग्याच्या मेंदूचें चित्र घेतलें होतें, आणि थोड्याच वर्षांत सर्व शरीराचे काप न कापतां पाहण्याची सोय झाली. परंतु गुदाशयाच्या भिंतीचे थर एकमेकांपासून वेगळे दाखविण्याइतकी त्या यंत्राची नजर बारीक नाहीं. तें काम एम.आर.आय.नें केलें. या यंत्रांत क्ष-किरण मुळींच नसतात. प्रबळ लोहचुंबकाच्या पोकळींत रोग्याला निजवितात. शरीरांतील पाण्याच्या व चरबीच्या कणांत हायड्रोजनाचे जे अणुगर्भ असतात, त्यांना रेडिओलहरींचा धक्का देऊन क्षणभर विचलित केलें, म्हणजे तेहि उलट क्षीण रेडिओलहरी पाठवितात, आणि त्या टिपून यंत्र चित्र रेखाटतें. शरीराचा रेडिओ ऐकणारें यंत्र, असें त्याला म्हणावयास हरकत नाहीं. त्या चित्रांत चरबी उजळ दिसते, स्नायूंचा थर काळसर, गांठ करड्या रंगाची. आणि तो अभ्रा उजळ चरबीभोंवतीं ओढलेल्या एका बारीक काळ्या रेघेसारखा स्पष्ट उमटतो.

हें चित्र घेण्यांतहि कसब आहे. काकडी सरळ आडवी कापली तर चकतीची साल सगळीकडे सारख्या जाडीची दिसते. तिरकी कापली तर ती जाड भासते. गुदाशय वळणांचा असल्यामुळें चित्राचा प्रत्येक काप गांठीजवळच्या भिंतीशीं काटकोनांत घ्यावा लागतो, आणि कापाची जाडी ३ मिलिमीटरांच्या आसपास ठेवावी लागते. दिशा चुकली तर स्नायूंतच असलेली गांठ बाहेर पडल्यासारखी दिसते, आणि रोग्याला नको तो उपचार होतो. यंत्र मोठें व महागडें आहे एवढ्यावर कोणी जाऊं नये. तें चालविणाराला गुदाशयाचें चित्र कसें घ्यावें हें ठाऊक आहे काय, हें अधिक मोलाचें.

चार युरोपीय देशांतील ११ रुग्णालयांनीं मिळून ४०८ रोग्यांवर केलेल्या 'मर्क्युरी' नांवाच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ सालीं प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेपूर्वीं एम.आर.आय. पाहून तज्ज्ञांनीं भाकीत लिहून ठेवावयाचें, आणि नंतर काढलेल्या गुदाशयाचे काप करून तें पडताळावयाचें, अशी त्याची योजना होती. ज्यांचा कांठ प्रत्यक्षांत मोकळा निघाला, त्यांच्यापैकीं शेंकडा सुमारें ९२ जणांविषयीं चित्रानें तसेंच आधीं सांगितलेलें होतें. गांठ अभ्र्यापासून १ मिलिमीटराहून अधिक दूर आहे काय, ही कसोटी तेथें वापरली होती. तांदळाच्या दाण्याच्या जाडीहूनहि हें अंतर कमी. आणि त्यावर उपचाराची सारी दिशा ठरते.

ती कशी, हें पाहण्यासारखें आहे. शस्त्रक्रियेपूर्वीं आठवडाभर किरणोपचार दिल्यास पांच वर्षांत त्याच जागीं रोग उलटण्याचें प्रमाण शेंकडा २७ वरून ११ वर येतें, असें स्वीडनमधील एका मोठ्या प्रयोगांत दिसून आलें व तें १९९७ सालीं प्रसिद्ध झालें. मग सर्वांनाच किरण कां देऊं नयेत? कारण किरणांचेंहि देणें असतें. शौचावरचा ताबा सैल होणें, लैंगिक दुर्बलता, तरुण स्त्रियांची अपत्यप्राप्तीची शक्ति जाणें, हे त्याचे परिणाम रोगी बरा झाला तरी त्याच्या वांट्याला येतात. म्हणून ज्याची गांठ फार खालीं नाहीं, फार खोल नाहीं व अभ्र्यापासून चांगली दूर आहे, त्याला पुष्कळदां सरळ शस्त्रक्रियेला नेतां येतें. ज्याची गांठ अभ्र्याला टेकली आहे, त्याला आधीं किरण व औषधें देऊन गांठ मागें हटवावी लागते आणि मग सुरी. दोघांच्याहि कागदावर टी ३ असेंच लिहिलेलें असूं शकतें. तेव्हां घरच्या माणसांनीं डॉक्टरांना 'स्टेज कोणती?' एवढेंच विचारून थांबूं नये. 'कांठापासून किती अंतर आहे?' हेंहि विचारावें.

येथवरचें वाचून चित्र सर्वज्ञ आहे असें मात्र कोणी समजूं नये. लसिकाग्रंथींच्या बाबतींत तें वारंवार चकतें. मोठी ग्रंथि रोगट व लहान ती निरोगी, असा सोपा नियम पूर्वीं लावीत. पण साध्या दाहानेंहि ग्रंथि फुगते, आणि चार-पांच मिलिमीटरांच्या ग्रंथींतहि रोग दडून बसलेला असतो. आतां ग्रंथीचा कांठ खडबडीत आहे काय, तिचा आंतला रंग मिश्र आहे काय, हें पाहतात. त्यानें अंदाज सुधारतो, खात्री होत नाहीं. किरणोपचारानंतर गांठीच्या जागीं व्रण तयार होतो, आणि व्रण कोणता व उरलेला रोग कोणता हें निवडणें अनुभवी डोळ्यांनाहि जड जातें.

दूरच्या अवयवांची झडती सी.टी. स्कॅन घेतो. मोठ्या आंतड्यांतून निघालेलें रक्त थेट हृदयाकडे जात नाहीं. तें आधीं यकृतांतून गाळून जातें, म्हणून रोगाचे कण प्रथम तेथें अडकतात. गुदाशयाच्या अगदीं खालच्या भागाचें रक्त मात्र यकृताला वळसा घालून जातें, आणि त्यामुळें फुप्फुसांवरहि लक्ष ठेवावें लागतें. छाती, पोट व कंबर यांचा सी.टी. एकत्र सांगतात तो याकरितां. शिरेंतून आयोडीनयुक्त औषध टोंचून सुमारें ७० सेकंदांनीं यकृताचें चित्र घेतात. त्या क्षणीं निरोगी यकृत उजळून निघतें आणि रोगाचे ठिपके काळसर उठून दिसतात. हें औषध मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतें, म्हणून आधीं रक्त तपासून घेतात. यकृतांत एक-दोन ठिपके सांपडले म्हणजे सारें संपलें असें मात्र नाहीं. ते कापून काढतां आले तर कांहीं रोगी पूर्ण बरे होतात.

अन्नमार्गाच्या इतर भागांत यंत्रें तींच, पण प्रश्न बदलतात. अन्ननलिकेंत दुर्बिणीच्या टोंकाला बसविलेली सोनोग्राफी भिंतीचे पांच पापुद्रे काळे-पांढरे असे आळीपाळीनें दाखविते, आणि गांठ कितव्या पापुद्र्यांत थांबली हें कळतें. स्वादुपिंडाच्या गांठीची परीक्षा आंतड्यांना रक्त पुरविणाऱ्या मोठ्या धमनीवरून होते: गांठीनें धमनीच्या घेराला अर्ध्याहून अधिक कवेंत घेतलें असेल, तर प्रथम शस्त्रक्रियेचा विचार बहुधा बाजूस ठेवतात. जठराचा रोग पोटाच्या अस्तरावर मोहरीएवढ्या कणांनीं पसरतो आणि हे कण सी.टी.ला पुष्कळदां दिसतच नाहींत. म्हणून पुढें गेलेल्या रोगांत पोटाला लहान छिद्र पाडून दुर्बिणीनें प्रत्यक्ष पाहून घेतात. चित्र स्वच्छ असतांना हें आणखी कशाला, अशी तक्रार अशा वेळीं होते. पण त्या अर्ध्या तासाच्या पाहणीनें कित्येकांची निष्फळ मोठी शस्त्रक्रिया टळते.

पेट-स्कॅनविषयीं शहरांतून सध्यां फार बोललें जातें. त्यांत किरणोत्सारी फ्लुओरीन जोडलेली साखर शिरेंतून देतात. कर्करोगाच्या पेशी अधाशीपणानें साखर ओढून घेतात आणि चित्रांत चमकतात. त्या फ्लुओरीनचें बळ सुमारें ११० मिनिटांत निम्में होतें, म्हणून तें तयार करणारें यंत्र फार दूर असून चालत नाहीं. भारतांतील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ सालीं मुंबईस परळला, टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या परिसरांतील अणुशक्ति-खात्याच्या केंद्रांत सुरू झाला. पेट-स्कॅन मोलाचा आहे, पण आपल्या देशांत त्याला एक पेंच आहे: क्षयानें सुजलेल्या ग्रंथीहि तशाच चमकतात. चमक दिसली म्हणून रोग पसरला असें ठरवून शस्त्रक्रिया रद्द करण्यापूर्वीं त्या ग्रंथींतून सुईनें नमुना घेऊन पाहणें हा शहाणपणाचा मार्ग होय. उलट, चिकट द्रवानें भरलेल्या कांहीं गांठी कर्करोगाच्या असूनहि फारशा चमकत नाहींत.

दोन गोष्टी घरांतल्या माणसांच्या हातच्या आहेत. हीं सर्व चित्रें औषध किंवा किरण सुरू होण्यापूर्वीं घेतलीं गेलीं पाहिजेत. उपचारानें गांठ आकसली कीं मूळचा नकाशा पुसला जातो आणि तो पुन्हां मिळत नाहीं. आणि रिपोर्टाचा कागद तेवढा न ठेवतां मूळ चित्रांची तबकडीहि जपून ठेवावी, कारण दुसऱ्या डॉक्टरांना चित्रच पाहावयाचें असतें. शरीरांत पेसमेकर किंवा धातूचा तुकडा असल्यास एम.आर.आय.पूर्वीं तें आवर्जून सांगावें.

गुदाशयाच्या बाबतींत एक गोष्ट गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अशी घडली आहे कीं, तिच्यावर माइल्स यांचा विश्वास बसला नसता. ब्राझीलमधील साओ पाउलो येथील शल्यवैद्य अँजेलिता हाबर-गामा यांनीं २००४ सालीं २६५ रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांतील ७१ जणांत किरण व औषधें यांनीं गांठ पुरती नाहींशी झालेली दिसली, आणि त्यांच्यावर शस्त्रक्रिया न करतां नुसतें लक्ष ठेवण्यांत आलें. आरंभीं यावर मोठा वाद झाला. पुढें अनेक देशांतील अशा ८८० रोग्यांची नोंद २०१८ सालीं प्रसिद्ध झाली. तींत दोन वर्षांत चौघांपैकीं सुमारें एकाला गांठ पुन्हां उगवली, आणि अशा उगवलेल्या गांठींपैकीं शेंकडा ८८ पहिल्या दोन वर्षांतच दिसल्या. म्हणूनच या मार्गानें जाणाऱ्या रोग्याला पहिलीं दोन-तीन वर्षें दर थोड्या महिन्यांनीं बोटानें तपासणी, दुर्बीण आणि एम.आर.आय. असा फेरा चुकवितां येत नाहीं. गांठ लवकर दिसली तर शस्त्रक्रियेनें ती बहुधा काढतां येते. ज्यांना इतक्या वेळां शहराच्या रुग्णालयांत येणें जमणार नाहीं, त्यांना हा मार्ग डॉक्टर सहसा सुचवीत नाहींत.